उरलेली शिदोरी

एकदा एका डोंगराळ मुलखातली प्रजा आपल्याच राजाविरुद्ध उठली. राजाची फौज हटत हटत खिंडीपलीकडच्या सपाटीवर गेली, आणि अलीकडचं खोरं तेवढं बंडकऱ्यांच्या हाती राहिलं. क्रांतीचं राज्य म्हणजे तूर्त एवढंच. खिंडीच्या तोंडाशी एक चौकी होती. ती टिकली तर खोरं टिकणार होतं. तिथला पहारा घटकाभर जरी ढिला पडला असता, तर राजाच्या घोडेस्वारांना खोऱ्यातल्या गावात शिरायला फारसा वेळ लागला नसता.

चौकीवरची माणसं त्याच गावची होती. समोर शत्रू, पाठीशी घर. पण मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आल्यामुळे चौकीवरून गाव दिसत नसे. चुलींचा धूरसुद्धा दिसत नसे.

चौकीचा प्रमुख एक वृद्ध होता. त्याने हयातभर राजाच्या फौजेत पहारे दिले होते, आणि ज्या वयात माणसं नातवंडं खेळवतात त्या वयात तो राजाविरुद्ध पहारा द्यायला आला होता. सगळे त्याला बाबा म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शहरातून आलेला, पाठशाळेत शिकलेला, न्याय आणि समता या दोन शब्दांसाठी घरदार सोडून आलेला. त्याची बुद्धी तल्लख होती आणि मन स्वच्छ होतं. (अगदी स्वच्छ मनाच्या माणसांची मला अलीकडे जरा धास्तीच वाटते. दोष बहुधा माझ्यात असावा.) क्रांतीने सगळ्या पदव्या रद्द केल्या होत्या. सरकार नाही, रावसाहेब नाही, सगळे एकमेकांचे भाऊ. त्यामुळे चौकीवरचे लोक शिष्यालाही भाऊच म्हणत, आणि 'भाऊ, हुकूम काय?' असं विचारत.

पुढे बाबांना मुख्य तळावरून मसलतीसाठी बोलावणं आलं. त्यांनी चौकी शिष्याच्या हाती सोपवली. जाताना उपदेश काही केला नाही. शिष्याला ते थोडं लागलं.

चौकीवर जेवणाची एक जुनी रीत होती. रोज सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून आपापल्या माणसाची शिदोरी निघे. ज्याच्या त्याच्या घरचं फडकं, ज्याच्या त्याच्या घरची गाठ. गावातल्या बायका पाळीपाळीने दुरडी डोक्यावर घेऊन खिंड चढत, ती ओट्यावर ठेवत, आणि माणसं येऊन आपापलं फडकं उचलत. कोणाचं नाव पुकारावं लागत नसे. जेवण झालं की फडकी झटकून, घडी करून त्याच दुरडीतून खाली जात.

शिष्याला या दुरडीत जुनं राज्य बसलेलं दिसलं. पाटलाच्या मुलाच्या फडक्यात लोण्याचा गोळा असायचा, आणि गोंदजी नावाच्या शिपायाच्या फडक्यात नाचणीची कोरडी भाकरी नि मिठाचा खडा. एक जण तर भिंतीकडे तोंड करून जेवायचा, आपल्या पुढ्यात काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून. दुसरा एक जण शेजाऱ्याचा हात लागलेली भाकरी गुपचूप बाजूला सारायचा. राजा गेला पण पंगत तीच राहिली, असं शिष्य म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून बाबांची पाठ वळताच त्याने पहिली सुधारणा केली. घरोघरचं पीठ एकत्र. देवळासमोर एकच मोठी चूल. सगळ्या बायकांनी तिथे बसून भाकऱ्या थापायच्या, सगळ्या भाकऱ्या एका राशीत, वर एकच स्वच्छ कापड. कोणाची भाकरी कोणाच्या वाट्याला येईल ते कोणीच सांगू शकणार नाही. शिवाय खिंडीत अधूनमधून गोळ्या यायच्या. तेव्हा बायकांनी जीव धोक्यात घालून वर चढायचं कारण नाही. दुरड्या पायथ्याच्या मोठ्या दगडापाशी ठेवाव्यात, चौकीवरचे दोघे जाऊन आणतील.

पहिल्या दिवशी चौकीवर सणच होता. भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस मध्ये येऊन बसला. लोणी सगळ्यांच्या भाकरीवर आलं, नखाएवढं का होईना, पण आलं. पाटलाचा मुलगा म्हणाला की त्याच्या आईपेक्षा ही भाकरी बरी, आणि सगळे हसले. शिष्याला वाटलं, आपण पुस्तकात वाचलेली गोष्ट आज डोळ्यांनी पाहिली.

आणि मग माणसं पळू लागली.

आधी एक जण पाणी आणायला गेला तो उशिरा परतला. मग दुसरा सरपणाला गेला तो परतलाच नाही. शिष्याला काही सुधरेना. पोटभर जेवण आहे, अपमान संपला आहे, लढाई आपलीच आहे. मग ही माणसं का जातात? विचार करून त्याला एकच उत्तर सापडलं. भीती. आणि भीतीवर कायद्यात औषध होतं. क्रांतीच्या पंचांनीच तो कायदा केला होता: पहारा सोडेल त्याला गोळी.

त्यात हैबती सापडला.

हैबती पहाऱ्यावरून नाहीसा झाला होता. त्या वेळी खिंडीच्या त्या टोकावर कोणीही नव्हतं. शत्रूने पाहिलं असतं तर सगळं संपलं असतं. पण त्याला धरलं तेव्हा तो खाली पळत नव्हता. धापा टाकत वर येत होता. शिष्याने सगळ्यांसमोर चौकशी केली.

"घरी काय झालं होतं?"

"काही नाही, भाऊ."

"कोणी आजारी होतं?"

"नाही."

"मग गेलास कशाला?"

हैबतीने जरा विचार केला. "काही झालं नाही ना, ते बघायला," तो म्हणाला.

दोघे-तिघे हसले. शिष्याला वाटलं, हा आपली थट्टा करतो आहे. आता यात हसण्यासारखं काय होतं, मला कळत नाही. निजलेल्या तान्ह्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहणाऱ्या बाईला विचारा, काय झालं म्हणून पाहतेस? काहीच झालेलं नसतं. म्हणूनच पाहायचं असतं. पण चौकीवर असं बोलायला कोणी बाई नव्हती. बायकांना वर यायची बंदी होती, त्यांच्याच भल्यासाठी.

सकाळी भाकऱ्या यायच्या आधीच शिष्याने हैबतीला गोळी घालण्याचा हुकूम दिला. हुकूम देणं त्याला सोपं गेलं नाही, तरी तो मागे हटला नाही. प्रेत चौकीमागे पुरलं. गावाचं मन खचू नये म्हणून ही गोष्ट चौकीखाली उतरता कामा नये, अशी त्याने सगळ्यांना ताकीद दिली. खिंडीत गोळीचा आवाज तर नेहमीचाच. खाली कोणी मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर काही काळ कोणी पळालं नाही. औषध लागू पडलं असं शिष्याला वाटत होतं, तोवर गोंदजी पळाला. तोच, मिठाच्या खड्याचा गोंदजी. अर्ध्या वाटेवर त्याला धरलं. त्याने चौकशीत फार काही सांगितलं नाही. बायकोचे दिवस भरत आले होते, एवढंच म्हणाला, आणि मग मान खाली घालून उभा राहिला. शिष्याने दुसऱ्या दिवसाची शिक्षा फर्मावली.

त्याच दुसऱ्या दिवशी, सकाळी, बाबा तळावरून परतले.

ते गावातून चढून आले होते. त्यांनी दोरीने बांधलेल्या गोंदजीकडे पाहिलं, भरलेल्या बंदुकांकडे पाहिलं, आणि शिष्याने सांगितलेलं सगळं एका ओट्यावर बसून ऐकलं. एका चुलीबद्दल ऐकलं, हैबतीबद्दल ऐकलं. शिष्याला अपेक्षा होती की ते एक तर शाबासकी देतील किंवा संतापतील.

बाबा म्हणाले, "कायदा तुझ्याकडे आहे, शिक्षाही तुझ्याच हातात राहू दे. मी मोडता घालणार नाही. फक्त मला एक जेवण हवं."

"जेवण?"

"खाली प्रत्येक बाई मला आपल्या माणसाचं विचारत होती, म्हणून आजची चूल पेटवू नका असं सांगून आलोय. आज ज्याच्या त्याच्या घरून शिदोरी येईल, पहिल्यासारखी. बायकाच घेऊन येतील, वर. ती येऊ दे, लोक जेवू देत. मग तुला काय करायचं ते कर."

शिष्य थक्क झाला. ज्या दिवशी शिस्तीची परीक्षा आहे, नेमक्या त्याच दिवशी म्हातारा भेदाची पंगत पुन्हा मांडतो आहे. ज्या माणसाला मरायचं आहे त्याच्यासमोर लोण्याचा गोळा आणि मिठाचा खडा वेगळा करतो आहे. त्याने विरोध केला, थोडा कडक शब्दांत केला. बाबांनी वाद घातला नाही. एक जेवणच तर मागतोय बाळा, एवढंच म्हणाले, आणि शिष्याला नाही म्हणता आलं नाही.

दुरडी आली. धोंडाबाई नावाच्या एका वयस्क बाईने ती ओट्यावर टेकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. किती वाळलात रे मेल्यांनो, असं काहीतरी ती सगळ्यांना मिळून म्हणाली. पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माणसं दुरडीकडे ज्या तऱ्हेने आली ती पाहून शिष्याच्या अंगावर काटा आला. ती भुकेने येत नव्हती. हळूहळू, जवळजवळ भीत भीत येत होती. एकाने आपलं फडकं उचललं आणि गाठीवर नुसता अंगठा फिरवला. पाटलाच्या मुलाने लोण्याकडे पाहिलंही नाही; भाकरी नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. भिंतीकडे तोंड करून जेवायचा तो माणूस आज सगळ्यांदेखत रडत होता, आणि त्याच्या फडक्यात चटणीशिवाय काही नव्हतं.

बाबांनी गोंदजीचे हात सोडवायला लावले. गोंदजीने आपलं फडकं उघडलं. नाचणीची भाकरी, मिठाचा खडा, आणि बाजूला गुळाचा एक लहानसा तुकडा. त्याने भाकरी उलटीपालटी करून पाहिली.

"ही आईच्या हातची आहे," तो म्हणाला. "म्हणजे बायको खाटेवर आहे. बाळंत झाली." मग गुळाला बोट लावून म्हणाला, "सुखरूप झाली."

त्याने सगळी भाकरी खाल्ली. सावकाश खाल्ली. फडकं झटकलं, घडी केली, दुरडीत ठेवलं. मग शिष्यासमोर येऊन उभा राहिला.

"झालं, भाऊ. आता कुठं उभं राहू ते सांगा."

त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, विनवणीही नव्हती. काल मान खाली घालून उभा असलेला माणूस आज मोकळ्या हातांनी स्थिर उभा होता. शिष्याने नजर चुकवली, आणि चुकवलेली नजर ओट्यावर गेली.

दुरडीत घडी केलेली फडकी होती. आणि त्यांच्या शेजारी एक शिदोरी, गाठ न सुटलेली.

"ही कोणाची राहिली?" त्याने विचारलं. त्याला खरोखरच वाटलं की पहाऱ्यावरचा कोणी जेवायचा राहिला असेल. "कोण जेवलं नाही?"

कोणी वर पाहिलं नाही. धोंडाबाईने ती शिदोरी पाहिली, गाठ पाहिली, मग चौकीवरचे चेहरे एकेक करून पाहिले. पदर तोंडावर धरून ती होती तिथेच खाली बसली.

"हैबतीची आहे," बाबा म्हणाले.

शिष्य बाबांकडे वळला. "पण तो तर… त्याच्या घरी…"

"त्याच्या घरी कोण सांगणार? तूच ताकीद दिलीस, गोष्ट खाली उतरू नये म्हणून. उतरली नाही. तुझी माणसं आज्ञाधारक आहेत. वर येताना मी देवळाशी थांबलो होतो. त्याची बायको, चिमणा, चुलीपाशी होती. रोज असते. मला म्हणाली, बाबा, यांना कडक भाकरी चावत नाही, एक दाढ दुखते त्यांची. पण आता कोणती भाकरी त्यांच्या वाट्याला जाईल कळत नाही, म्हणून मी सगळ्याच मऊ थापते. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी हसून पुढे आलो."

शिष्य ओट्यावर बसला. गेले कित्येक दिवस त्यानेही त्याच राशीतली भाकरी खाल्ली होती. मऊ होती. ते त्याला आवडलंही होतं.

बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले.

"तू अन्न तोललंस, आणि बरोबर तोललंस. ती पंगत अन्यायाची होती, मी इतकी वर्षं ती पाहून न पाहिल्यासारखं केलं. तो दोष माझा. पण त्या फडक्यातून नुसतं अन्न येत नव्हतं. फडकं वर आलं की माणसाला कळायचं, घर उभं आहे. रिकामं फडकं खाली गेलं की घराला कळायचं, माणूस उभा आहे. एवढ्या आधारावर ही माणसं मरणाकडे तोंड करून उभी होती. समोरची भीती माणूस सोसतो रे. पाठीमागचं कळेनासं झालं की मान वळवावीच लागते, आणि मान वळली की पाय वळतात. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं आपण का जातोय. हैबतीने तुला खरं तेच सांगितलं, त्याला याहून नीट सांगता आलं नाही."

"मला कळायला हवं होतं," शिष्य म्हणाला.

"तुला विचारायला हवं होतं," बाबा म्हणाले. "कळणं पुढचं."

गोंदजी अजून उभाच होता, कारण त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. शिष्य उठला. बंदुका रिकाम्या करायला त्याने सांगितलं, गोंदजीला पहाऱ्यावर जायला सांगितलं, आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात तसाच मागे घेतला. मग दुरडीतली ती शिदोरी घेतली. धोंडाबाई रस्त्यात बसली होती. तिने वर पाहिलं.

"आम्ही नाही सांगायचो," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

तो सोंड ओलांडून खाली उतरला. गाव त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते चौकीमागचं एक नाव होतं. चिमणा देवळामागच्या घरात होती, मूल कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी. शिदोरी त्याच्या हातात दिसली तेव्हाच तिला कळलं. त्या गावात न सुटलेली गाठ परत येण्याचा अर्थ लहान मुलांनाही ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो एकट्या शिष्याला.

पण त्याने तेवढ्यावर सोडलं नाही. शत्रूची गोळी लागली असं सांगता आलं असतं. वाटेत तसं त्याच्या मनात येऊनही गेलं. त्याने खरं सांगितलं: कोणी हुकूम दिला, कशासाठी दिला. ती ओरडली नाही. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ते आले होते इथे?"

"आला होता. दारातून पाहून गेला, त्यानेच सांगितलं. तुम्ही पाठमोऱ्या होतात, बाळाला न्हाऊ घालत होतात."

"मला हाक नाही मारली त्यांनी."

"शेवटी म्हणाला होता," शिष्य म्हणाला. ते शब्द त्याने तेव्हा ऐकले होते आणि लक्षात ठेवण्यासारखे मानले नव्हते. "म्हणाला, हाक मारली असती तर ती थांब म्हणाली असती, आणि मग माझ्याच्याने पहाऱ्यावर परत जाववलं नसतं."

चिमणा त्याच्याकडे पाहत राहिली. असं पाहणं त्याने आधी कधी सोसलं नव्हतं.

"म्हणजे परत आले म्हणून मारलात," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर काहीच आलं नाही. का म्हणून कोणी विचारलं नाही.

पुढे कोणी कधी पळालंच नाही असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण ते खरं नाही. काही गेले. चूल मात्र एकच राहिली, शिष्याने ती मोडली नाही, आणि बाबांनीही मोडायला सांगितलं नाही. फरक एवढाच पडला की दुरडी घेऊन येणारी बाई आता वर येऊन ओट्यावर बसे, आणि आधी एकेकाचं नाव घेऊन त्याच्या घरचं सांगे. गाय व्याली. सासऱ्याचा ताप उतरला. काही नाही, सगळं जागच्या जागी आहे. ज्याचं नाव घेतलं तो 'ऐकलं' म्हणे, आणि ते 'ऐकलं' तिच्याबरोबर खाली जाई. सगळ्यांचं झाल्याशिवाय भाकरीला कोणी हात लावत नसे.

पहिल्याच दिवशी धोंडाबाई सवयीने सांगत गेली आणि एका नावाशी अडखळली. मग तिने ते नाव घेतलंच.

"हैबती. पोरगं बसायला लागलं."

शिष्य उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकलं."